लाकडं, दगड आणि पानं

पहाटे दार उघडलं तर अंगणात वीसेक माणसं बसलेली होती. आमच्या अंगणात काळ्या दगडाची खडी होती, चपलेतूनसुद्धा टोचणारी. त्या खडीवर मांडी घालून, माना खाली घालून ती सगळी गप्प बसली होती. बापये पुढे, बाया मागे. सगळ्यांत पुढे एक माणूस डोक्यावरून चटई पांघरून बसला होता. त्याचं तोंड, खांदे, हात, काहीच दिसत नव्हतं. त्याच्यासमोर जळाऊ लाकडांची मोळी, केळीच्या पानांचा भारा आणि नारळाएवढ्या दगडांचा ढीग होता.

मी दार तसंच अर्धं उघडं ठेवलं आणि आत येऊन चहाचं आधण ठेवलं.

ह्यांना जाऊन तो चौथा दिवस. चौऱ्याण्णव साल होतं. आम्ही मूळचे वेंगुर्ल्याच्या बाजूचे, पण हे बर्फाच्या कारखान्यातल्या यंत्रांचे कारागीर, आणि असल्या माणसाला जगात कुठेही बोलावणं येतं. ते आलं थेट सामोआहून. पॅसिफिक समुद्रात, नकाशावर बोट ठेवलं तर बोटाखाली झाकली जातील अशी ती बेटं. सालेतोआ नावाच्या गावात मासळीचं शीतगृह होतं, तिथे हे दोन वर्षं होते आणि त्यांच्यामागोमाग मी. सोमवारी दिवेलागणीला शीतगृहाकडे जाताना एका पिकअप गाडीने ह्यांच्या सायकलीला मागून ठोकलं. हे तिथेच गेले.

मला काही वाटत नव्हतं. हे मी लाजून सांगत नाही की मिरवूनही नाही, जसं होतं तसं सांगते. दात घासताना दात घासत होते, कोणी ताट पुढे केलं की जेवत होते. इस्पितळात डॉक्टरांनी चादर उचलली तेव्हा मी ह्यांच्या कानामागचा साबणाचा पांढरा डाग बघत राहिले. आंघोळ नीट केली नाही म्हणून बोलायला हवं, असंही मनात आलं.

अंगणातली माणसं समाचाराला आली आहेत हे मी धरूनच चालले. आपल्याकडे समाचाराला आलेल्याला कोणी ‘या’ म्हणत नाही, ‘बसा’ म्हणत नाही. तोही ‘येतो’ म्हणून निघत नाही. येतात, बसतात, गुपचूप उठून जातात. मी रीतीप्रमाणे काहीच बोलले नाही. लाकडांचाही उलगडा झाला. आमच्यात माणूस जाळतात हे त्यांना कोणीतरी सांगितलं असणार, म्हणून बिचाऱ्यांनी सरणाला लाकूड आणलं. ह्यांचा देह शनिवारच्या विमानाने मुंबईला जायचा होता, ते त्यांना कुठून ठाऊक. केळीची पानं पुढच्या जेवणाला असतील. दगडांचं मात्र काही लागेना. मग तीन दगडांची चूल आठवली आणि तेही जुळवून टाकलं.

पेनिना मोरीपाशी बसून कच्ची केळी सोलत होती. पेनिना म्हणजे आमची घरमालकीण. साठी उलटलेली, शाळेतून निवृत्त झालेली, नवरा गेलेली. पुढच्या घरात ती राहायची, मागच्या दोन खोल्यांत आम्ही. तिचं इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं होतं आणि मला ती ‘हेमा’ म्हणायची, कारण ‘हेमलता’ म्हणेपर्यंत तिला दम लागायचा. ह्यांनी आणलेल्या मासळीचं मी तिखलं केलं की ती डोळ्यांना पदर, म्हणजे त्यांचा तो लुंगीसारखा कपडा, लावून खोकत खोकत खायची आणि पुन्हा वाटी पुढे करायची. सोमवारपासून ती माझ्याच खोलीत खाली चटई टाकून झोपत होती. माझे केस विंचरत होती. ह्यांचे कपडे घडी करून पत्र्याची पेटीसुद्धा तिनेच भरली होती.

मी विचारलं, “बाहेरच्यांना चहा देऊ?”

“नको. ते घेणार नाहीत,” ती म्हणाली, आणि सोललेलं केळं पुन्हा सोलू लागली.

सुतकातल्या घरचा चहा आपल्याकडेही घेत नाहीत. मला ते पटलं.

दहाच्या सुमाराला पुढच्या घरात फोन वाजला. वेंगुर्ल्याहून थोरले भाऊजी असणार होते, रोज त्याच वेळी करायचे. फोनपाशी जायचं तर अंगणातून जायला हवं होतं. त्या लोकांत अशी रीत आहे की बसलेल्या माणसांसमोरून जायचं तर कमरेत वाकायचं आणि ‘तुलोऊ’ म्हणायचं. माफ करा, तुमच्यासमोरून जाते आहे, असं. दोन वर्षांत ते माझ्या अंगवळणी पडलं होतं. मी वाकले, ‘तुलोऊ’ म्हटलं आणि गेले. एरवी समोरचे हसून मान डोलावतात. त्या दिवशी सगळ्यांच्या माना आणखी खाली गेल्या आणि मागच्या एका बाईने हुंदका दिला. ऊन चढलं होतं. चटईखालचा माणूस हलला नव्हता.

भाऊजींनी माझी चौकशी केली, विमानाचं विचारलं आणि मुद्द्यावर आले. आज पोलीस माझा जबाब पक्का करून घ्यायला येणार होते. गाडीवाला सांगत होता की वळणावर सायकलीला दिवा नव्हता, म्हणून माणूस दिसलाच नाही. सायकलीच्या हँडलला बॅटरी अडकवायची पकड सापडली होती, बॅटरी सापडली नव्हती. पोलिसांनी दोन दिवस रस्त्याकडेच्या गवतात शोधलं होतं. पहिल्या दिवशी मला विचारलं तेव्हा मी म्हटलं होतं, होता दिवा, रोज असायचा. तेच आता कागदावर यायचं होतं. दिवा असूनही ठोकलं असं ठरलं तर गाडीवाला काही वर्षं तुरुंगात जाणार होता. नसला तर गोष्ट वेगळी.

“दिवो होतो म्हणान लिव आणि सही कर,” भाऊजी म्हणाले. “आमच्या माणसाक मारल्यान तो मोकळो फिरतलो? थंय आता आमच्या बाजून तू एकटीच आसस.”

मी हो म्हटलं. परत येताना पुन्हा वाकले.

सार्जंट मोसे बाराच्या पुढे आले. त्यांनी गाडी लांबच उभी केली, टोपी काढली आणि अंगणाच्या कडेकडेने, जवळजवळ बसतच, माझ्या पायरीपर्यंत आले. त्यांच्या काखेत कागद होता. पण तो पुढे करायच्या ऐवजी त्यांनी विचारलं, “हे कधीपासून?”

“उजाडायच्या आधीपासून. समाचाराला आलेत.”

“मिसेस परुळेकर,” ते हलक्या आवाजात म्हणाले, “तुम्हाला कोणी सांगितलं नाही?”

मी म्हटलं, काय सांगायचं त्यात, लाकडं आणलीत ह्यांना जाळायला, चांगली माणसं आहेत. सार्जंटांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्यामागे दारात उभ्या असलेल्या पेनिनाकडे पाहिलं. पेनिनाने मान फिरवली.

“लाकडं जाळायलाच आणलीत,” ते म्हणाले. “पण ती त्यांच्यासाठी आहेत. रविवारी आमची भट्टी बघितलीत ना? लाकूड पेटवायचं, त्यावर दगड तापवायचे, दगडांवर डुक्कर ठेवायचं आणि पानांनी झाकायचं. ते सगळं सामान त्यांनी स्वतः वाहून आणलंय. त्यांचं म्हणणं असं की आमच्या हातून तुमचं माणूस गेलं. हे लाकूड, हे दगड, ही पानं, आणि हे आम्ही. भाजायचं तर भाजा. नाहीतर उठवा.”

दर रविवारी मी ती भट्टी बघत होते. दगड तापवताना हे पेनिनाला मदत करायचे, एकदा बोटं भाजून घेतली होती. हेच लाकूड, हेच दगड, हीच पानं. मला ओळखता आली नव्हती.

मी विचारलं, उठवायचं म्हणजे काय करायचं. सार्जंट म्हणाले, घरातल्या माणसाने जाऊन पुढच्याच्या डोक्यावरची चटई काढायची, बास. काढली म्हणजे संपलं, वैर नाही. नाही काढली तर ते सूर्य मावळेपर्यंत बसतील, जातील, बहुतेक उद्या परत येतील. कायदा त्याच्या वाटेने जाईलच, पण न्यायाधीश विचारतो, चटई काढली का म्हणून. आणि ज्याच्यावरची चटई काढली नाही, त्या माणसाला त्याच्या गावात पुन्हा राहता येत नाही.

“मग कागदाचं?” मी विचारलं.

“कागद तुमच्या जबाबाचा आहे. दिवा होता की नव्हता, तुम्ही सांगाल ते मी लिहीन. चटईशी त्याचा संबंध नाही. मी थांबतो.” आणि ते पायरीच्या बाजूला उकिडवे बसले.

मी आत आले. उजाडल्यापासून सहा-सात तास मी त्या माणसांना खडीवर, उन्हात बसवून ठेवलं होतं, आणि वर रीत पाळते आहे असं समजत होते. पेनिना ओटा पुसत होती. ओटा स्वच्छच होता.

“तू का सांगितलं नाहीस?”

“ते आमच्या बाजूने सांगायचं नसतं. कोणी सांगितलं म्हणून काढलेली चटई काढल्यासारखी होत नाही.”

“आमच्या बाजूने?”

तिने फडकं पिळलं, झटकलं, दोरीवर टाकलं. “गाडी चालवणारा लेवी माझ्या भावाचा मुलगा आहे,” ती म्हणाली. “मला तुझी परवानगी हवी आहे, हेमा. मला आता तिकडे जायचंय.”

म्हणजे ते तिचं माहेर होतं. पलीकडच्या गावाहून पहाटे चालत आलेलं. चार दिवस माझे केस विंचरणारी, माझ्या पायाशी झोपणारी ही बाई त्यांची होती आणि मला ते ठाऊक नव्हतं. मी परवानगी दिली की नाही आठवत नाही. ती पायऱ्या उतरली, वाकून पुढच्यांना वळसा घातला आणि बायांत जाऊन बसली. तिचे गुडघे दुखायचे, रोज रात्री ती खोबरेल चोळायची. त्या गुडघ्यांची तिने मांडी घातली.

तेव्हा मला चार दिवसांत पहिल्यांदा काही वाटलं, आणि तो राग होता. फार नाही, पण सही करण्यापुरता होता. मला फसवलं, असं मनाशी म्हणत मी चष्मा शोधू लागले. चष्म्याशिवाय मला सही जमत नाही. तो पेनिनाने पेटीत टाकला असणार म्हणून मी पेटी उघडली. वर माझ्या साड्या होत्या, खाली ह्यांचे कपडे. ह्यांचा एक पांढरा सदरा इतरांसारखा चौकोनी नव्हता, गुंडाळलेला होता. मी तो सोडवला.

आत सायकलची बॅटरी होती.

सोमवारी दुपारी वीज गेली होती. मोहरीचा डबा शोधायला मी सायकलीची बॅटरी काढून आत आणली, फळीवर ठेवली आणि विसरले. संध्याकाळी शीतगृहातून निरोप आला की यंत्र बंद पडलंय. तिथल्या गावागावांत दिवेलागणीला शंख वाजतो. तो वाजला की सगळं गाव घरात बसून प्रार्थना करतं, रस्त्यावर कोणी फिरायचं नाही, फिरलंच तर पंचांना जाब द्यावा लागतो. शंखाच्या आधी पोचायला हवं म्हणून ह्यांची घाई होती. शंखाच्या आधी घरी पोचायला हवं म्हणून त्या लेवीचीही घाई होती. हे अंगणातून ओरडले, “बॅटरी खंय गो?” माझे हात कणकेत होते. मी उठले नाही. “थंयच असतली, बघा मां,” मी म्हटलं. हे म्हणाले, “नाय गो थंय,” आणि थोडं थांबले. बहुतेक मी उठेन म्हणून थांबले. मग सायकलीची घंटी वाजली, फाटकाबाहेर पडताना वाजवायचे तशी.

पोलीस गवतात शोधत होते तेव्हा बॅटरी माझ्या फळीवर, मोहरीच्या डब्यामागे होती. मला ते ठाऊक होतं. होता दिवा, रोज असायचा, असं मी सांगितलं तेव्हाही ठाऊक होतं.

आणि पेनिनालाही ठाऊक होतं. फळी तिनेच आवरली होती. तिने बॅटरी बघितली, पोलीस काय शोधतायत हे तिने ऐकलं होतं, आणि तुरुंगात जाणारा तिच्या भावाचा मुलगा होता. बॅटरी उचलून सार्जंटांच्या हातात ठेवायला तिला पन्नास पावलं चालावी लागली असती. तिने ती माझ्या नवऱ्याच्या सदऱ्यात गुंडाळून माझ्या पेटीच्या तळाशी ठेवली होती, आणि आता जाऊन उन्हात बसली होती.

मी सदरा तसाच गुंडाळला, पेटी लावली. चष्मा नाकावर नव्हताच. बाहेर आले तेव्हा सार्जंट कागद घेऊन उठले. मी त्यांच्यापुढून गेले. चपला घातल्या नव्हत्या हे खडी लागल्यावर कळलं.

जवळून ती चटई वेगळीच दिसली. केवड्याच्या जातीच्या पानांची, पण इतकी बारीक विणलेली की लुगड्यासारखी पडली होती. कडेला लाल पिसं होती. ती श्वासाबरोबर वरखाली होत होती. इस्पितळातली चादर दुसऱ्याने उचलली होती. ही मलाच उचलायची होती. मी दोन्ही टोकं धरून ती मागे घेतली.

खाली लेवी नव्हता. एक म्हातारा होता. घामाने केस कपाळाला चिकटलेले, ओठ सुकलेले, डोळे मिटलेले. पेनिनाचंच नाक, पेनिनाचीच हनुवटी. मुलाच्या वाटणीचा बाप बसला होता. मुलगा त्याच्यामागे होता, पंचविशीचा धिप्पाड माणूस, कपाळ खडीला टेकवून. म्हाताऱ्याने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं आणि मला बोलल्याशिवाय राहवेना. मी खाली बसले. तिथे कोणाला मराठी येत नव्हतं, आमची मालवणी तर नाहीच.

“बॅटरी मियां काढललंय,” मी त्याला सांगितलं. “परत लावूक नाय. ते विचारत होते, तरी मी उठूक नाय.”

म्हाताऱ्याला अर्थातच काही कळलं नाही. पण बायांमधून पेनिनाने झटकन मान वर केली. एक शब्द इंग्रजी राहून गेला होता माझ्याकडून. बॅटरीला मालवणीतही बॅटरीच म्हणतात, आणि पेनिनाने तीस वर्षं इंग्रजी शिकवलं होतं.

म्हाताऱ्याने वळून बहिणीला त्यांच्या भाषेत विचारलं. ही काय म्हणते, एवढं मलाही कळलं. सगळे तिच्याकडे बघत होते. लेवीसुद्धा. सार्जंट कागद घेऊन उभे होते. पेनिना माझ्याकडे बघत होती.

मग ती म्हणाली, आणि तेही मला कळलं, कारण दोन वर्षं रोज तिच्या दारात ऐकलेले शब्द होते ते.

“ती म्हणते, आत या.”

ती सगळी आत आली. दोन खोल्यांत वीस माणसं, काही पायऱ्यांवर. मी सुतकातल्या घरी वीस कप चहा केला आणि त्यांनी तो घेतला. म्हातारा खूप वेळ बोलला. शेवटी ती चटई घडी करून त्याने माझ्या मांडीवर ठेवली, ती आता माझी झाली होती. सार्जंटांना मी म्हटलं, लिहा, दिवा नव्हता. त्यांनी लिहिलं. का नव्हता हे त्यांनी विचारलं नाही. मी सही केली, बिनचष्म्याची, वाकडी.

भाऊजींनी वेंगुर्ल्यात मला दारातच विचारलं, दिवो नाय म्हणान लिवलंस? मी हो म्हटलं. त्यानंतर ते माझ्याशी बोलले नाहीत, अकरा वर्षांनी वारले तेव्हाही नाही. लोकांना सांगायचे, हिने एका चटईवर माझ्या भावाला सोडून दिला. काही लोक म्हणायचे, मोठ्या मनाची बाई, परमुलखात नवऱ्याच्या मारेकऱ्याला माफ केलं. मी दोन्ही ऐकून घेत आले.

ह्यांचं तेरावं झालं त्या दुपारी पेटी उघडली. सासूबाईंना ह्यांचे कपडे हवे होते. घर माणसांनी भरलेलं होतं. पांढरा सदरा कुठे आहे ते मला माहीत होतं आणि तो हात लागू न देता बाजूला कसा काढायचा याचा विचार मी विमानापासून करत होते. साड्या काढल्या. सदरा होता. गुंडाळलेला नव्हता, इतरांसारखाच चौकोनी घडी केलेला, बटणं लावलेली. मी घडी मोडली, सदरा झटकला, पेटीच्या कोपऱ्यांत हात घालून बघितला.

बॅटरी नव्हती. पेनिनाने ती ठेवून घेतली होती.

मग मला रडू आलं. ह्यांना गेल्यापासून पहिल्यांदा, आणि थांबेचना. जावेने मला धरलं, सासूबाई जवळ आल्या, आणि बाया एकमेकींना सांगू लागल्या की सदरा बघून बांध फुटला बिचारीचा.

मी तो सदरा तोंडाला लावला आणि त्यांना तसंच वाटू दिलं.